पाच जणांचा कॉन्चेर्टो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इटालियन संगीतकार विवाल्डीच्या डी मेजर कॉन्चेर्टोच्या (एक मुख्य वाद्य आणि साथीला इतर वाद्यं, अशी रचना) आमच्या कार्यक्रमावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. कॉन्चेर्टोला ऑर्केस्ट्रा हवाच, गिटारसोबत गजाची चारच वाद्यं (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो) ही काटकसर झाली. आणि शेवटच्या भागात गिटार ऐकूच आली नाही, तरी माईक न लावण्याचा हट्ट का?

पहिला आक्षेप मला मान्य नाही. विवाल्डीनं हा कॉन्चेर्टो १७३० च्या आसपास ल्यूट या गिटारसारख्या जुन्या वाद्यासाठी लिहिला, बोहेमियातल्या एका काउंटकरता. साथीला त्यानं मागितली दोन व्हायोलिन आणि बास, बस्स. आम्ही काही कापलेलं नाही. उलट व्हिओला आमच्या पदरचा, त्यावर बोट ठेवलं असतंत तर मी निरुत्तर झाले असते. स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोच्या ‘अरान्हुएझ’ या गिटार कॉन्चेर्टोचा दाखला तुम्ही दिलात, पण ती रचना वेगळी. १९४० साली बार्सिलोनात ती पहिल्यांदा सादर झाली, ती फ्लूट, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रंपेट अशा भरल्या ताफ्यासह. तिच्या संथ भागात गिटारच्या झंकारांवर कोर आंग्ले हे ओबोच्या जातीचं, फुंकून वाजवायचं वाद्य गाऊ लागतं. ते गाणं व्हिओलाकडे सोपवायला माझं मन धजत नाही. ‘अरान्हुएझ’ मी चौघांबरोबर कधीच वाजवणार नाही.

विवाल्डीत मात्र चौघेही मला कधी कधी जास्त वाटतात. गिटारची तार छेडली की त्याच क्षणी स्वर विरायला लागतो, व्हायोलिनचा स्वर गज फिरतोय तोवर जिवंत राहतो. म्हणून चौघांनी गज टोकाकडून, अगदी हलका फिरवायचा, असं ठरलं होतं.

आणि आमची निम्मी तालीम एका स्वरावर गेली, हे तुम्हाला सांगायलाच हवं. लार्गोमध्ये, म्हणजे मधल्या संथ भागात, व्हायोलिन लांब स्वर धरून असतात, वर गिटार गाते. डी हा षड्ज मानला तर एफ शार्प गंधार. माझा गंधार फ्रेटनं, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पक्क्या पट्टीनं, बांधलेला; व्हायोलिनवाल्याचा कानानं लावलेला, माझ्यापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) उतरा. तानपुऱ्याशेजारी हार्मोनियमचा गंधार टोचतो ना, तसंच. तो म्हणाला, “ताई, तुम्ही चढताय.” म्हटलं, “अरे, फ्रेट आहे, मी उतरू कुठे?” शेवटी त्यानं बोट किंचित वर सरकवलं, आणि मी तो स्वर नखाऐवजी बोटाच्या मांसल भागानं, गिटारच्या भोकापलीकडे, मानेच्या बाजूला छेडला. स्वराची धार बोथट झाली आणि टोचणं थांबलं. त्या दिवशी आम्ही पाचही जण जेवायचं विसरलो होतो.

दुसरा आक्षेप खरा आहे. तालीम रिकाम्या सभागृहात झाली होती. कार्यक्रमाला माणसं आली, आणि माणसं, कपडे गिटारची धार आधी पितात. तिसऱ्या भागात चौघे रंगात आले, त्यांना आवरायची खूण मी करायला हवी होती, केली नाही. चूक माझी. मोठ्या सभागृहात मी माईक लावते. पण दीडशे खुर्च्यांच्या जागेत चौघांचा नाद लाकडातून आणि माझा एकटीचा स्पीकरच्या खोक्यातून आला, की चौघे माझ्या बोटांऐवजी खोक्याकडे कान देतात. पुढच्या वेळी मी दोन पावलं पुढे बसेन, चेलोचं तोंड जरा आत वळवू आणि तालमीला वीस-पंचवीस जणांना बोलावू.

तुम्ही रेकॉर्डिंग मागितलंत. तिसऱ्या भागासकट, काहीही न कापता पाठवते.