लॅपटॉपला गोधडी

आमच्या घरात उघडी वस्तू खपवून घेतली जात नाही. फ्रीजला कव्हर, मिक्सरला झालरीचं कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून रबरबँड. सोफ्याचं मूळ कापड तर मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलंच नाही. अशा घरात माझा लॅपटॉप उघडाबोडका राहणार कसा? कुकर उतरवायला उठले आणि परत येते तो सासूबाईंनी त्याच्यावर गोधडी पांघरलेली. चालू मीटिंगमध्ये. साहेब बिचारे अंधाराला टार्गेट समजावून सांगत होते.

"अगं, धूळ किती आहे!" सासूबाई म्हणाल्या.

आता ठाण्यातल्या मानपाड्यात राहून धुळीवरून वाद कोण घालणार? घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम निघाल्यापासून सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. पण त्यांना कसं सांगायचं, की हे यंत्र पोटाखालून हवा ओढतं आणि कडेने गरम हवा सोडतं? गादीवर ठेवलं, उशीवर ठेवलं, गोधडीत गुंडाळलं की त्याचा श्वास कोंडतो. आतली चिप नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापली की ती स्वतःचा जीव वाचवायला कामच हळू करते. (ही सोय माणसांत का नाही, हा माझा जुना प्रश्न आहे.) पंखा तर गायमुखच्या चढावर तीन सीट घेऊन निघालेल्या रिक्षासारखा घरघरतो.

बाबांचं शास्त्र वेगळं. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची आणि मग शंभर टक्के भरायची. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना हे लागू होतं. लॅपटॉपमधल्या लिथियम-आयनला नाही. तिला शून्यावर नेलेलंही सोसत नाही आणि कायम शंभरवर, त्यातून उकाड्यात ठेवलेलंही. वीस ते ऐंशीच्या मध्ये ती सुखी. जेवताना "दोन घास कमी खावेत" म्हणणारे बाबा बॅटरीच्या बाबतीत मात्र एकादशी आणि दुप्पट खाशी! ऐंशीला चार्जिंग आपोआप थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. ती मी लावून दिली, तर बाबांनी "चार्जर गेला" म्हणून दुसरा मागवला.

खरा घोळ खंडेनवमीला झाला. पाटावर सुरी, कात्री, बाबांचा पाना आणि माझा लॅपटॉप, तोही उघडून. "मिटलेल्याची पूजा कशी करायची?" हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडू. दसरा उलटला आणि स्पेसबार दाबला की कर्र आवाज येऊ लागला. गोखले रोडच्या एका गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्याने चिमट्याने बटण उचललं. खाली तांदळाचे दोन दाणे, कुंकवाने गुलाबी झालेले.

"ताई, पाणी सांडलं की लोक मशीन तांदळात ठेवतात," तो म्हणाला. "तुम्ही तांदूळच मशीनमध्ये ठेवलेत."

तांदळाचा तसा उपयोग काहीच नाही, हेही त्यानेच सांगितलं. काही सांडलं तर चार्जर काढायचा, बटण दाबून धरून मशीन बंद करायचं, उपडं करायचं आणि सरळ दुकान गाठायचं. चहा असेल तर पाणी वाळतं पण साखर आतच राहते. मग त्याने मागचं झाकण उघडून पंखा दाखवला. जाळीवर करड्या धुळीचा नमदा बसलेला, त्यात माझे केस आणि गोधडीचे लाल दोरे. दोरा न् दोरा ओळखीचा. ब्रशने साफ करता करता त्याने बजावलं, की कधी टचपॅड आपोआप वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलीय समजा. चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही.

येताना त्याच्याच सांगण्यावरून खालून वारा लागावा म्हणून एक लोखंडी स्टँड घेतला. घरी टेबलावर मांडला. सासूबाईंनी चारी बाजूंनी निरखला आणि पहिल्यांदाच माझ्या खरेदीवर खूश झाल्या.

"चौरंग आणलास, हे बरं केलंस."

सकाळी लॉगिन करायला बसले, तर लॅपटॉप स्टँडवर विराजमान होता आणि त्याच्याखाली चौपदरी घडी घातलेलं मखमली आसन होतं.

"नुसत्या लोखंडावर काय बसवतेस त्याला?"