हँडल खाली घेतलं की सायकल पळते? अर्धंच खरं

पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. रोडबाइकचं हँडल जेवढं खाली तेवढा वेग जास्त, म्हणून स्टेमखालचे सगळे स्पेसर काढा (स्टेम म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीला हँडल जोडणारा तुकडा, स्पेसर म्हणजे त्या नळीवरच्या कड्या). मान-हात दुखले तर सोसा, सवय होते. सीटच्या उंचीसाठी पायाच्या आतल्या मापाला (जांघेपासून टाचेपर्यंत) ०.८८३ ने गुणा. बाकी फिटिंग म्हणजे पैसे उकळणं. या सल्ल्यापायी चांगल्या सायकली खुंटीला टांगलेल्या मी पाहिल्यात, म्हणून लिहितोय.

वाऱ्याबद्दल मेसेज बरोबर आहे. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि त्यात सायकलपेक्षा आपलं अंगच जास्त आडवं येतं. हवेवर खर्च होणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे अंग आवळून बसणं फायद्याचंच. गडबड पुढे आहे: हँडल खाली गेलं की अंग आपोआप आवळलं जातं, असं धरून चालणं.

रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चौपाटीजवळ उभं राहून बघा. हँडल तळाला नेलेला एखादा येतो: कोपरं ताठ, खांदे कानांना टेकलेले, छाती वाऱ्याला सताड उघडी. खड्डा आला की हादरा थेट मानेत. त्याच्या मागून दुसरा येतो. याचं हँडल दोन बोटं वर, पण हूड (ब्रेकच्या दांडीवरची रबरी मूठ) धरून कोपरं वाकवलेली, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात रस्त्याला समांतर. पाठ जवळपास तेवढीच खाली आणि समोरून हाच अरुंद. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँ ५० सेकंदांनी मागे होता. त्या दिवशीच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाशी लढायची शर्यत) त्याने ५८ सेकंद कमावले आणि शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. त्याच्या हँडलवर कोपरं जवळ आणून टेकवायची सोय होती. वाऱ्यातून वाट काढून दिली ती त्या टेकलेल्या कोपरांनी.

आणि सिंहगडाच्या चढावर काय? तिथे ताशी ८-१० च्या वेगात वारा फारसा आडवा येत नाही. लढत गुरुत्वाकर्षणाशी असते. फार वाकून बसलात तर प्रत्येक फेरीला मांडी पोटात घुसते आणि दम कोंडतो.

‘सवय होते’ या वाक्याचा मला खरा राग आहे. स्नायूंना सवय होते, दबलेल्या नसेला होत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची नस दबतेय, थांबा. माझ्या पहिल्या ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेआधी (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) एका दुकानदाराने ‘प्रो लूक’ म्हणून स्पेसर काढून फोर्कची नळी कापून टाकली. २० तासांची मुदत होती. शेवटचे शंभर किलोमीटर मी हँडलचा वरचा सपाट भाग धरून, ताठ बसून काढले. म्हणजे वाऱ्याचा होता तो फायदाही गेला. कापलेली नळी परत वाढत नाही. स्टेम उलटा बसवून मी जेमतेम भागवलं.

०.८८३ चा आकडा सुरुवातीला ठीक आहे. पण त्याला तुमच्या बुटाचा तळ, क्लीटची (बूट पायडलला अडकवणाऱ्या पट्टीची) जाडी, पावलाची लांबी काही ठाऊक नसतं. पायडल तळाला असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखला किंवा कंबर डावी-उजवी हलायला लागली तर वर. एका वेळी ३-४ मिलिमीटरच हलवा आणि आधीच्या जागी टेपची खूण करून ठेवा.

हँडल खाली घ्यायचंच असेल तर एकच स्पेसर काढा आणि तो त्याच नळीवर स्टेमच्या वर चढवा. दोन आठवडे चालवा. कोपरं वाकवून वीस मिनिटं सलग आरामात बसता आलं, तर पुढचा काढा. नाही जमलं, तर परत खाली घाला. नळीला करवत लावायची घाई नको.