रानातली टर्की आणि ताटातली टर्की

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या आभाराच्या सणाला टर्की हा पक्षी खाणं म्हणजे निव्वळ बाजाराने लावलेली सवय, असं संजू म्हणाला आणि काल कट्टा पेटला. बॉस्टनहून सुट्टीवर आलेला मन्या उसळलाच. "१६२१ पासूनची सुगीची परंपरा आहे ती!"

"तेव्हा टर्कीच खाल्ली कशावरून?" मी विचारलं. १६२१च्या त्या जेवणाबद्दल एडवर्ड विन्स्लो या इंग्रज वसाहतवाल्याचं पत्र आहे. प्लिमथ या वसाहतीच्या गव्हर्नरने चार जणांना पाखरं मारायला धाडलं, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली, तीन दिवस जेवणावळी चालल्या. टर्कीचं नाव कुठेच नाही. त्या हंगामात रानटर्क्या मुबलक होत्या, हे त्याच गव्हर्नरने, ब्रॅडफर्डने लिहून ठेवलंय, तेव्हा असेलही. पण राष्ट्रीय सण झाला तो १८६३ला, राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या घोषणेने. त्यासाठी सारा हेल ही संपादिका कित्येक वर्षं मागे लागली होती.

"सण कधीचाही असो, पक्षी तर तोच ना?" मन्या.

तोच नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे. दुकानातली पांढरी टर्की छातीने इतकी अवजड केलीय की तिला धड उडता येत नाही, वंशसुद्धा कृत्रिम रेतनावर चालतो. तिचे पूर्वज मेक्सिकोत माणसाळले, स्पॅनिशांनी युरोपात नेले, तिथून वसाहतींबरोबर परत आले. (गोव्यातही आले. मुकर्रबखान या सरदाराने तिथून आणलेल्या टर्कीचं चित्र बादशहा जहांगीरने १६१२च्या सुमारास मन्सूर या दरबारी चित्रकाराकडून काढून घेतलं.) रानातली टर्की मात्र रात्री उंच झाडावर चढून झोपते, उन्हात तिची काळपट पिसं तांब्यासारखी झळकतात.

ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये ही सुगी साजरी झाली, तिथून रानटर्की १८५१ पर्यंत नाहीशी झाली. जंगलं तोडून शेती झाली, वर बेसुमार शिकार. मग पिंजऱ्यात वाढवलेली टर्की सोडून पाहिली, ती रानात तगेना. शेवटी १९७२-७३मध्ये न्यूयॉर्कच्या रानातून धरलेले ३७ पक्षी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या बर्कशायरच्या डोंगरात सोडले, तेव्हा कुठे वंश रुजला.

"आता आमच्या गल्लीत थवेच्या थवे फिरतात," मन्या म्हणाला, "गाडीच्या दारात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की नर चोची मारत सुटतो."

"मग आभार त्यांचे माना, खाता कशाला?" संजू.

पण न खाणं हे उत्तर मला पटत नाही. अमेरिकेत बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७च्या कायद्याने वन्यजीव राखण्याकडे वळवला, त्यात शिकाऱ्यांचाच मोठा वाटा आहे. सुगीचे आभार मानायचे तर आधी ते रान राखायला हवं.

संजूला हे मुळीच मान्य नाही.