कोमल की अशुद्ध?

गाण्याच्या क्लासात मी बंदिशी हातानं लिहून देते ते लागत नाही, छापून द्या, असं पालकांचं म्हणणं पडलं. अक्षर माझंच असल्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

पत्रं टाइप करायच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये भीमपलास राग लिहायला घेतला. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल, म्हणजे उतरलेल्या, स्वराखाली आडवी रेघ द्यायची (सा मात्र कधीच कोमल होत नाही). ग आणि नी खाली मी ती दिली. प्रोग्रामला सारेगम म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका वाटल्या, त्यानं सरसकट सगळ्यांखाली लाल नागमोडी रेघा ओढल्या. न्यू जर्सीहून ऑनलाइन शिकणारी मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "ताई, यात सगळेच स्वर कोमल? सासुद्धा?" पुढे मध्यमावर थांबायचं होतं, स्वर लांबवायला छोट्या आडव्या रेघा देतात, म्हणून नव्या ओळीवर तीन छोट्या रेघा देऊन एंटर दाबलं, तर कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सलग रेघ! एवढा दमसास आमच्या क्लासात कुणाचा नाही.

त्यात टिंबाचं दुखणं. भातखंड्यांचं टिंब स्वराच्या डोक्यावर आलं की तार, म्हणजे वरचं सप्तक. पलुसकरांचं तिथंच आलं की मंद्र, म्हणजे खालचं. मी शिकले पलुसकर पद्धतीनं, मुलांची पुस्तकं भातखंडे पद्धतीची. सवयीनं हात गेला की पोरं थेट दोन सप्तकं वर किंचाळतात. (ही दोन थोर माणसं एकदा टिंबापुरती तरी एकत्र बसायला हवी होती.)

"मावशी, खरं नोटेशन सॉफ्टवेअर घे," भाचा म्हणाला. म्युझस्कोर फुकट, सिबेलियस, डोरिको विकतचे. मला नाव आवडलं फिनालेचं, पण ते बंद करत असल्याचं 2024 च्या ऑगस्टमध्येच जाहीर झालेलं. एक उतरवून घेतलं. उघडल्या उघडल्या पाच रेघा, आणि पट्टी कोणती ते सांगा.

"काळी चार," मी म्हटलं, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. यादीत काळी नव्हती, पांढरीही नव्हती. भाच्यानं पेटीवर बोट ठेवून मोजलं आणि ए फ्लॅट टाकलं. पण हे झालं माझ्यापुरतं. जोशीकाकूंची काळी पाच, त्यांच्या मिस्टरांची काळी एक, आणि आठवीतल्या मुलाचा आवाज फुटतोय, त्याचा सा रोज नवा. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, गांधार कुठल्या रेघेवर बसवू, असं विचारलं तर भाचा म्हणाला, "अंदाजे ठेव."

अंदाजे ठेवायचं तर माझं अक्षर काय वाईट होतं?

तरी नेटानं विलंबित, म्हणजे संथ, एकतालातला एक ख्याल चढवला. "आता वाजवून बघ," म्हणत भाच्यानं बटण दाबलं. लय आम्ही सांगितलीच नव्हती, त्यामुळे सॉफ्टवेअरनं आपली ठरलेली धरली, मिनिटाला 120 मात्रा. बारा मात्रांचं आवर्तन, ज्यात मी एरवी सावकाश पाऊण मिनिट फिरते, ते 6 सेकंदांत परत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. स्थायी, अंतरा, सगळा बडा ख्याल माझा चहाचा कप बशीत टेकायच्या आत संपला.

"बघ," भाचा म्हणाला, "केवढा वेळ वाचला!"