आधी टेबल वर घ्या

आज कंपनीत नवं पोस्टर लागलं, 'पाठ ताठ ठेवा, दुखणं टाळा'. तेही नेमकं पॅकिंगच्या टेबलासमोर. ते टेबल जेमतेम मांडीपर्यंत येतं. त्यावर काम करताना पाठ ताठ राहूच शकत नाही. डोकं फिरलं माझं.

आमच्या लाइनवर एक काका आहेत, चांगले उंच. अख्खी शिफ्ट कंबरेत वाकून, मान खाली. टेबल वर घ्या म्हणून सांगून सांगून थकले. उत्तर मिळालं, "तुमचं पोश्चर चुकतंय, योगा करा."

अरे, पोश्चर काय माणूस घरून घेऊन येतो? काम जिथे असेल तिथे हात जातात, हातांमागे खांदे जातात आणि कंबरही. हलकं हातकाम कोपराच्या जरासं खाली हवं, एवढी साधी गोष्ट आहे. अवघडून काम केल्याने कामगार आजारी पडतात, हे रामाझिनी या इटालियन डॉक्टरने १७०० साली लिहून ठेवलंय. तीनशे वर्षं झाली त्याला!

व्यायामाने फरक पडतो, बरं, मान्य. पण आठ तास वाकायचं आणि दहा मिनिटं ताणायचं, याने काय भागणार? आणि नुसतं ताठ उभं राहणं हाही उपाय नाही. स्नायू एकाच स्थितीत आवळून राहिला की त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, मग तो दुखू लागतो. मणक्यांमधल्या चकत्यांना तर स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. त्यांना हालचाल लागते. म्हणून काम आलटूनपालटून द्या, मध्ये थोडं थांबू द्या.

ओझ्याचंही तेच. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं ओझं उचलण्याचं सूत्र आहे, त्यात सगळं अनुकूल असलं तरी जास्तीत जास्त २३ किलोच धरतात. ओझं अंगापासून लांब गेलं, कंबर पिळली गेली, की आकडा उतरत जातो. खोक्यावर मात्र फक्त वजन छापलेलं असतं.

काकांनी शेवटी माल ठेवायच्या पॅलेटवर टेबल चढवलं होतं. छान चाललं होतं हो. ऑडिटच्या आदल्या दिवशी काढायला लावलं, दिसायला बरं नाही म्हणून!

काका भांडले नाहीत. तो माणूसच तसा नाही. परत वाकले. हल्ली त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, हातातलं सामान निसटतं, आणि तरी नव्या पोरांना म्हणतात, "जड खोकी माझ्याकडे दे."

उद्याच्या सेफ्टी मीटिंगला मी टेप घेऊन जाणार आहे. टेबलाची उंची आणि प्रत्येकाच्या कोपराची उंची, दोन्ही लिहून देणार. लाइनवरच्या ज्यांना माप द्यायचंय त्यांनी शिफ्टच्या आधी भेटा.