‘महामंदी युद्धाने संपवली, सरकारने नव्हे’ या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील १९३० च्या दशकातील महामंदीविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा : राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने (मंदीवरील सरकारी उपाययोजनांच्या मालिकेने) सहा वर्षे पाण्यासारखा पैसा ओतूनही बेकारी हटली नाही आणि तशी कबुली खुद्द त्यांच्या अर्थमंत्र्यानेच दिली, सरकारी कामे म्हणजे खड्डे खणायचे आणि बुजवायचे, मंदी अखेर गेली ती महायुद्धामुळे, आणि १९२०-२१ ची मंदी सरकारने हात न लावल्यामुळे दीड वर्षात आपोआप ओसरली होती, तेव्हा मंदीत सरकारने स्वस्थ बसावे हेच उत्तम. यातला प्रत्येक मुद्दा अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहणे भाग आहे.

आधी अर्थमंत्र्यांची कबुली. हेन्री मॉर्गेन्थॉ यांनी मे १९३९ मध्ये स्वपक्षाच्या काही प्रतिनिधींपुढे असे उद्गार काढले होते, हे खरे. आपण खर्च करून पाहिला, पण बेकारी आरंभी होती तेवढीच आहे आणि वर कर्ज मात्र झाले, असा त्यांचा सूर होता. परंतु त्याच बोलण्यात त्यांनी या सरकारला आठ वर्षे झाल्याचे म्हटले आहे, प्रत्यक्षात तेव्हा सहाच झाली होती. बेकारीचा आकडाही चुकीचा होता : १९३३ मध्ये ती सुमारे २५ टक्के होती, तर १९३९ मध्ये, सर्वांत कठोर मोजणीनेही, सुमारे १७ टक्के. शिवाय मॉर्गेन्थॉ हे मंत्रिमंडळात तुटीच्या खर्चाला (उत्पन्नाहून जास्त, कर्ज काढून केलेल्या सरकारी खर्चाला) सतत विरोध करणारे गृहस्थ होते. वादातील एका पक्षकाराचे म्हणणे या मजकुरात तटस्थ साक्ष म्हणून खपवले जाते.

‘कठोर मोजणी’ म्हणजे काय, तेही पाहिले पाहिजे. अर्थतज्ज्ञ स्टॅन्ली लेबरगॉट यांच्या प्रचलित आकडेवारीत सरकारी रोजगार-योजनांवर राबणारी माणसे बेकार म्हणून धरलेली आहेत. अर्थतज्ज्ञ मायकेल डार्बी यांनी १९७६ मध्ये त्यांना कामावर असलेले मानून फेरमांडणी केली, तेव्हा १९३७ ची बेकारी १४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आसपास आली. कोणती मोजणी योग्य यावर मतभेद होऊ शकतो. खाजगी उद्योगांनी किती हात सामावून घेतले हे पाहायचे असेल, तर लेबरगॉट यांचा आकडा उपयोगाचा आहे. पण सरकारने लोकांना काम दिले की नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना ज्यांना सरकारने काम दिले त्यांनाच बेकारांत मोजणे हा अजब न्याय झाला. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईला कोणी बेकार म्हटले असते, तर आपल्याकडे ते कुणाला पटले नसते.

सहा वर्षे अखंड पैसा ओतला, हेही खरे नाही. १९३३ ते १९३७ या काळात अमेरिकेचे वास्तव (भावांतील चढउतार वगळून मोजलेले) उत्पादन वर्षाला सरासरी आठ-नऊ टक्क्यांनी वाढून १९२९ च्या पातळीवर परत आले होते. मग संकट टळले असे समजून सरकारने खर्चाला कात्री लावली आणि रोजगार-योजनांवरील माणसे कमी केली. नव्या सामाजिक सुरक्षा कायद्याखाली पगारातून होणारी कराची वजावट जानेवारी १९३७ पासून सुरू झाली. त्याआधी ऑगस्ट १९३६ पासून फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) बँकांना सक्तीने ठेवावी लागणारी राखीव रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतली होती. मे १९३७ पर्यंत ती दुप्पट झाली. परिणाम तत्काळ दिसला. वर्षभरात औद्योगिक उत्पादन जवळपास एक-तृतीयांशाने कोसळले आणि बेकारी पुन्हा चार-पाच टक्क्यांनी चढली. एप्रिल १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी पुन्हा मोठा खर्च मंजूर करून घेण्यासाठी काँग्रेसकडे (अमेरिकी संसदेकडे) धाव घेतली, बँकांवरील राखीव रकमेचा ताणही थोडा सैल झाला, आणि उन्हाळ्यापासून उत्पादन वर येऊ लागले. औषध थांबवल्यावर आजार उलटला आणि पुन्हा सुरू केल्यावर उतरला, असा सरळ पुरावा आर्थिक इतिहासात क्वचितच मिळतो. फिरणाऱ्या मजकुरात मात्र १९३७ हे सालच नाही.

त्यात मार्च १९३३ ही नाही. रूझवेल्ट यांनी शपथ घेतली तेव्हा ठिकठिकाणच्या बँकांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. ६ मार्चला देशभरातील बँका बंद करण्यात आल्या, १२ मार्चला त्यांनी रेडिओवरून लोकांना बँका कशा उघडणार ते समजावून सांगितले, आणि बँका उघडल्यावर लोक घरात दडवलेली रोकड परत आणून भरू लागले. पुढे ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीची ठरावीक रक्कम परत मिळण्याची हमी, आला. १९३३ मध्ये सुमारे चार हजार बँका बंद पडल्या होत्या. १९३४ मध्ये विमा उतरवलेल्यांपैकी फक्त नऊ. डॉलरची सोन्याशी घातलेली जुनी गाठ सोडवून सोन्याचा भाव २०.६७ वरून ३५ डॉलर केल्याने पैशाचा पुरवठा वाढला, ते वेगळेच.

खड्ड्यांचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. ‘वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन’ने १९३५ ते १९४३ या काळात सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले; त्यांनी बांधलेल्या वा दुरुस्त केलेल्या रस्त्यांची लांबी साडेसहा लाख मैल भरते, आणि न्यूयॉर्कचा लाग्वार्डिया विमानतळ याच योजनेतून उभा राहिला. वनसंवर्धनाच्या कामावरील तरुणाला महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतले साधारण २५ थेट त्याच्या घरी पाठवले जात. हा पैसा किराणा दुकानातच जाणार होता, आणि मंदीत अडले होते ते नेमके तिथेच.

‘न्यू डील’मधले सगळेच शहाणपणाचे होते, असे मात्र कोणी म्हणू नये. उद्योगांना संगनमताने भाव चढे ठेवू देणारा १९३३ चा कायदा हितापेक्षा अहित करणारा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये तो रद्द केला, हे बरेच झाले. पीक कमी घेण्यासाठी जमीनमालकांना दिलेल्या पैशामुळे दक्षिणेतील अनेक कुळे, विशेषतः कृष्णवर्णीय, देशोधडीला लागली. टीका करायची तर ती इथे करावी.

आता महायुद्ध. युद्धकाळात बेकारी दोन टक्क्यांखाली गेली, हे निर्विवाद. पण युद्ध म्हणजे अर्थशास्त्राच्या दृष्टीने काय? सरकारने कर्ज काढून विमाने, जहाजे विकत घेतली आणि लाखो तरुणांना सैन्यात पगार दिला. युद्धापूर्वी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच-सहा टक्क्यांपलीकडे फारशी गेली नव्हती. १९४३ मध्ये ती पाव हिश्श्याहून अधिक होती. तेव्हा ‘युद्धाने मंदी संपवली’ हे मान्य केले, की सरकारी खर्चाने मंदी संपत नाही हे म्हणता येत नाही. अर्थतज्ज्ञ कॅरी ब्राउन यांनी १९५६ मध्ये हिशेब मांडून दाखवले, की तीसच्या दशकात तुटीच्या खर्चाचा उपाय फसला नव्हता, तो पुरेसा करूनच पाहिला गेला नव्हता. कारण केंद्राचा खर्च वाढत असताना दुसरीकडे राज्ये आणि नगरपालिका कर वाढवत होत्या.

राहिली १९२०-२१ ची मंदी. ती ओढवली मुख्यतः फेडरल रिझर्व्हने युद्धोत्तर महागाई रोखण्यासाठी व्याजदर सात टक्क्यांपर्यंत नेल्यामुळे, आणि दर उतरू लागल्यावर ती ओसरली. बँकव्यवस्था तेव्हा शाबूत होती. १९३३ मध्ये ती उन्मळून पडली होती. या दोन प्रसंगांना एकच माप लावता येत नाही. मंदीत खर्च आवळल्याने काय होते, हे पाहायला त्याच काळातील जर्मनी आहे. चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रूनिंग यांनी वटहुकूम काढून पगार आणि सरकारी खर्च छाटले, कर वाढवले. १९३२ च्या आरंभी तिथे नोंदलेले बेकार ६० लाखांवर गेले, आणि जुलैच्या निवडणुकीत ३७ टक्के मते घेऊन नाझी पक्ष संसदेतील सर्वांत मोठा पक्ष ठरला.