काळी पावडर पाण्यात टाकून गाडी चालत नाही हो

आठवडाभरात तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आलाय. कार्बनवर मेटलचं कंपाउंड बसवलेली स्वस्त काळी पावडर निघालीय, पाण्यात टाकली की फुकट हायड्रोजन, प्लॅटिनमची गरज संपली, तीच बॅटरीत घातली की मोबाईल अडीचपट चालणार, आणि कंपन्या हे दाबून ठेवतायत. पावडर खरी आहे. बाकीचं बघू.

"फुकट हायड्रोजन". अजिबात नाही. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन, तो परत काढायचा तर वीज ओतावीच लागते, किलोला कमीत कमी ३९ युनिट, प्रत्यक्षात मशीन ५०-५५ खातं. ही पावडर म्हणजे कॅटॅलिस्ट, स्वतः न संपता रिॲक्शन सोपी करणारा माल, तो वरचे वाया जाणारे थोडे युनिट वाचवतो, बस. आणि त्या किलोपासून गाडीला मिळणार जास्तीत जास्त ३३, फ्युएल सेलमधून (हायड्रोजनची परत वीज करणारं यंत्र) तर त्याच्या निम्मेच. हिशोब तुम्हीच करा.

"प्लॅटिनम संपलं". यात थोडं तथ्य आहे. मॉलिब्डेनम सल्फाइड, ग्रीसमध्ये घालतात तेच, त्याच्या कडांवर हायड्रोजन चांगला सुटतो, २०११ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी ते ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यावर, वाढवलं. कार्बन कशाला, तर नुसतं ते नीट वीज वाहत नाही आणि गोळे धरतं, कार्बनवर पसरलं की कडा उघड्या राहतात आणि करंटही पोचतो. पण लॅबमधला आकडा सहसा चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरचा असतो आणि कारखान्यातलं पीईएम मशीन (मध्ये ॲसिडी प्लास्टिकचा पडदा असलेलं, पाणी फोडणारं) तेवढ्याच जागेत चालतं १-२ अँपिअरवर! अजून एक गंमत, टेस्टला समोरचा इलेक्ट्रोड (वीज पाण्यात नेणारी दुसरी कांडी) प्लॅटिनमचा लावला तर तो ॲसिडमध्ये थोडा थोडा विरघळून आपल्याच सँपलवर येऊन बसतो, मग "प्लॅटिनम-फ्री" माल दिवसेंदिवस सुधारत जातो 😄 म्हणून शहाणे लोक तिथे ग्राफाइटचा रॉड लावतात.

फॉरवर्डवाला ऑक्सिजनची बाजू, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन सुटतो तो दुसरा इलेक्ट्रोड, तर विसरलाच. तिथे दीड व्होल्टच्या वर कार्बन स्वतःच हळूहळू जळून कार्बन डायऑक्साइड होतो, खालचा आधारच गेला तर वरचं मेटल कशाला धरून बसणार? पीईएममध्ये त्या बाजूला इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो, जो जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो. प्लॅटिनमपेक्षा मोठी अडचण ती आहे.

"अडीचपट बॅटरी" कुठून आलं तेही सांगतो. आजच्या बॅटरीतल्या ग्राफाइटमध्ये ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास मावतात, त्याच्या जागी घालायच्या कोबाल्ट ऑक्साइडमध्ये ८९०. कागदावर बरोबर, पण हे फक्त एका इलेक्ट्रोडचं, अख्ख्या सेलचं नाही, शिवाय पहिल्याच चार्जला बरंच लिथियम अडकून बसतं, आणि चार्ज करताना लागणारा व्होल्टेज आणि परत मिळणारा यात एवढा फरक की बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. २००० सालापासून लोक यावर घासतायत.

राहिलं "दाबून ठेवलंय". लिथियम आयर्न फॉस्फेट हे बॅटरीत घालायचं मेटलचं कंपाउंड वीज वाहायला अगदीच मठ्ठ, म्हणून त्याच्या कणांवर कार्बनचा पातळ थर देतात, आणि तो माल इतका दाबून ठेवलाय की आज कितीतरी इलेक्ट्रिक गाड्या त्याच्यावरच पळतायत.